मला जमणार नाय म्हण

भाऊसाहेबांनी माझ्या पोटरीवर माईक ठोकला.

संभाजीनगरला, उस्मानपुऱ्यातल्या हॉलमध्ये, भरल्या सभेत. आम्ही विभागाची स्पर्धा जिंकून आलो होतो आणि क्लबनं सत्कार ठेवला होता. मी पंधरा वर्षांची. फायनलचे सगळे गोल माझे. एकेका पोरीला स्टेजवर बोलवून गुलाबाचं फूल देत होते. माझी पाळी आली तसे भाऊसाहेब खुर्चीतून उठले. भाऊसाहेब म्हणजे क्लबचे अध्यक्ष. फुलंब्रीकडं शेती, शहरात मंगल कार्यालय, आणि चिकलठाण्याच्या कंपन्यांना कामगार पुरवायचा ठेका. फूल त्यांनी टेबलावरच ठेवलं. मला लोकांकडं पाठ करून उभं केलं. ट्रॅकसूटची पँट गुडघ्यापर्यंत वर घे म्हणले. मी घेतली. मग त्यांनी वाकून माईक पोटरीवर ठोकला. धप्प, धप्प. सगळ्या हॉलमध्ये आवाज घुमला.

"ही बघा पिंढरी," ते म्हणले. "ही काय क्लबमध्ये बनत नसती. पिढ्यानपिढ्या राबलेलं रगत आहे. यांना नुसतं पळवायचं. डोकं आपण लावायचं."

लोक हसले. खोडसाळपणानं नाय, कौतुकानं हसले. बैलबाजारात चांगल्या जनावराचा पाय दाबून बघितल्यावर गिऱ्हाईक हसतं, तसं. मी पण हसले. दुसरं काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

शेवटच्या रांगेत माझा बाप बसला होता. कंपनीचा निळा शर्ट अंगात, ड्युटी सुटल्यावर थेट आलेला. त्यानं टाळी वाजवली. सगळे वाजवतायत म्हणून वाजवली. बापाला मी पुढं बाकी सगळ्याची माफी देऊन टाकली. त्या टाळीची नाय.

आम्ही बौद्ध. विमानतळाच्या भिंतीमागं आमची वस्ती. बाप कंपनीत प्रेस मशीन चालवायचा, ठेक्यावर. ठेका भाऊसाहेबांचा. माय दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला. विहार आणि कंपनीची कंपाउंड भिंत यांच्यामध्ये एक उघडी जागा होती, तिथं पोरं फुटबॉल खेळायची. मी आधी नुसती बॉल आणून द्यायचे. मग एक दिवस दिला नाय. घेऊन पळत सुटले आणि भिंतीवर खडूनं काढलेल्या गोलमध्ये मारला. पोरांनी शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी खेळायला घेतलं.

शाळेच्या स्पर्धेत क्लबच्या सरांनी मला बघितलं आणि क्लबमध्ये घेतलं. क्लबमध्ये माझं नाव मशीन पडलं. सर मैदानावर आले की पहिलं विचारायचे, मशीन आली का. मला बरं वाटायचं. मशीन म्हणजे काहीतरी भारी, असं वाटायचं. बाप मशीन चालवतो आणि मी मशीन आहे. मग एकदा मी सरांना म्हणलं, सर, बॉल थोडा लवकर द्यायला सांगा, मी आधीच पोचते आणि ऑफसाइड होते. सर म्हणले, "तू पळ. विचार करायचं काम ऋतुजाचं."

ऋतुजा भाऊसाहेबांची पुतणी. मिडफिल्डला खेळायची. खोटं कशाला बोलू, खेळायची चांगली. पास नीट द्यायची. मला कधी वाईट बोलली नाय. कधी काहीच बोलली नाय.

लोकांना वाटतं स्ट्रायकर म्हणजे पळणं. पळतात सगळेच. डिफेंडर पण पळते. गोल होतो तो थांबल्यामुळं. ती कुठल्या पायावर भार देऊन उभी आहे ते बघायचं. तिनं मान वळवली की अर्धं पाऊल मागं यायचं, म्हणजे तिला वाटतं आपण तिथंच आहोत. गोलकीपरचं वजन एका बाजूला झुकेपर्यंत दम धरायचा. सगळं मैदान मार मार म्हणून ओरडत असतं, तवा मारायचं नाय. हे मला कोणी शिकवलं नाय. मीच हजार वेळा चुकून शिकले. आणि दर वेळी पेपरात छापून यायचं, वाऱ्याच्या वेगानं धावणारी मजुराची पोर.

बाप ते वाचून चिडायचा. "मी मजूर नाय. ऑपरेटर आहे," म्हणायचा. घरात म्हणायचा. कंपनीत कधी म्हणला नसेल.

क्लबमध्ये माझी एकच मैत्रीण. नाझनीन, आमची गोलकीपर. रोशनगेटची. तिचे अब्बा शिलाई मशीनवर बसायचे. बाहेरगावी मॅचला गेलो की खोल्या वाटल्या जायच्या. नाझनीन आणि मी कायम एका खोलीत. तसं कोणी ठरवलेलं नव्हतं, कोणी काही बोलायचं नाय. तरी दर गावात तसंच व्हायचं. बाकीच्या पोरी चार-चार दाटीवाटीनं झोपायच्या, आमच्या खोलीत जागा राहायची. नाझनीन हसून म्हणायची, "अपन तो व्हीआयपी हैं." मी हसायचे. तवा मी लई हसायचे.

राज्याच्या संघात गेले. तिथंही गोल केले. सगळ्यात जास्त गोल करणारी म्हणून दोनदा बक्षीस घेतलं. शहरात आले की क्लबचे बॅनर लागायचे, त्यावर मी असायचे. सत्काराला बोलवायचे, खेळाडू म्हणून ओळख करून द्यायचे, आणि दोन शब्द बोलायला ऋतुजाला उठवायचे. मी शाल घेऊन खाली बसायचे. हे इतकी वर्षं चाललं की मला त्यात काही वावगं दिसेनासं झालं.

मग जुन्या कॅप्टनचं लग्न झालं आणि ती पुण्याला गेली. नवी कॅप्टन निवडायची होती. सरांना वाटलं, ऋतुजाच होणार, तर पोरींकडून होऊ द्या, बरं दिसतं. त्यांनी सगळ्यांना रिंगण करून बसवलं आणि हात वर करायला सांगितलं. ऋतुजासाठी थोडे हात आले. माझं नाव घेतल्यावर भराभरा हात वर झाले. भाऊसाहेबांच्या फुलंब्रीकडच्या पोरींचे पण. सरांनी पुन्हा एकदा विचारलं, कोणी चुकून हात वर केला का. कोणी खाली घेतला नाय.

मी घरी येऊन मायला सांगितलं. मायनं विहारात सांगितलं. वस्तीत म्हातारी माणसं मला थांबवून कॅप्टन म्हणू लागली.

बापाच्या सुट्टीच्या दिवशी भाऊसाहेबांचा फोन आला. मला नाय, बापाला. पोरीला घेऊन फुलंब्रीच्या मळ्यात ये.

आम्ही मोटरसायकलवर गेलो. मळ्यातल्या बंगल्याच्या व्हरांड्यात भाऊसाहेब झोपाळ्यावर बसलेले. आम्हाला खुर्च्या दिल्या. चहा दिला. कपबशीत दिला, त्यांनी घेतला तसल्याच. हे मुद्दाम सांगते, कारण ही गोष्ट सांगायला लागले की लोक पहिलं तेच विचारतात, कप वेगळा होता का. नव्हता. आता ते कपात नसतं.

भाऊसाहेब लई गोड बोलले. म्हणले, तू आमची पोर आहेस, माझं तर काहीच म्हणणं नाय. पण पोरींच्या घरचे लोक आहेत. त्यांना वाटणार, आमच्या पोरी हिच्या हाताखाली कशा. ते पोरी पाठवायचे बंद झाले तर क्लब बुडेल, तुझंच नुकसान. कॅप्टननं पाहुण्यांशी बोलावं लागतं, चार मोठ्या घरांत जावं लागतं. तुला कशाला तो ताप. मी तुला काढली तर उगाच बोंब होईल, आजकाल दिवस कसेत तुला ठाऊक आहे. तवा तूच सांगायचं.

"पोरींसमोर उभी राहा," ते म्हणले, "आन् म्हण, मला जमणार नाय. एवढंच. बाकी मी बघतो."

मी कप खाली ठेवला.

"म्हण बघू एकदा. इथं म्हणून बघ, म्हणजे तिथं अडखळणार नाय."

मला म्हणून दाखवायला सांगत होते. शाळेतल्या लेकराकडून कविता पाठ करून घ्यावी तसं. मी बापाकडं बघितलं. बाप फरशीकडं बघत होता. मग तो हळूच म्हणला, "म्हण ना बाई. काय जातंय."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. आवाज आला नाय. मी म्हणलं, उद्या म्हणते. भाऊसाहेब म्हणले, शहाणी आहे.

परत येताना हर्सूल ओलांडलं. मग सिग्नलला थांबल्यावर, मान न वळवता, बाप सांगत राहिला. कंपनीत कोणाकोणाला कमी केलं. या वयात नवीन ठिकाणी कोण घेणार. भाऊसाहेबांचा एक फोन किती चालतो. शेवटी म्हणला, "तुला गोल मारायला मिळतंय ना, मंग झालं."

त्या वाक्यावर माझं डोकं फिरलं. भाऊसाहेबांच्या वाक्यावर नाय, बापाच्या. कारण ते दोघं एकच बोलत होते. हिला पळू द्या, तेवढं पुरे. एक झोपाळ्यावर बसून बोलत होता आणि एक मोटरसायकलवर. आणि मी इतकी वर्षं दोघांचं ऐकून पळत होते. गोल मारला की शाल, शाल घेतली की खाली बसणं. मला वाटायचं मी पुढं चाललेय. मी फक्त पळत होते.

घरी माय भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. बाप दारातच बसून राहिला. माय थापता थापता म्हणली, "तुला जमतंय का नाय जमत?"

मी म्हणलं, जमतंय.

"मंग नाय कसं म्हणशील?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. मग बापाकडं बघून म्हणली, कामाचं काय करायचं ते आपण दोघं बघू. बाप उठून बाहेर गेला.

सकाळी मैदानावर पोरी रिंगण करून बसल्या होत्या, बूट बांधत. सर म्हणले, हिला काहीतरी सांगायचंय. भाऊसाहेब लाइनच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर येऊन बसलेले. सहसा ते सरावाला येत नसत.

मी उभी राहिले.

"मला जमणार नाय, असं म्हणायला मला सांगितलंय," मी म्हणलं.

बूट बांधणारे हात थांबले.

"मला जमतं. तुम्ही हात वर केले तवा तुम्हाला पण माहीत होतं. ज्यांना मी चालत नाय त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगावं. माझ्या तोंडानं नाय."

एवढंच बोलले. जास्त बोलायचं होतं, पण सुचलं तेवढं हेच. सर खाली बघत होते. ऋतुजा बांधलेलीच लेस सोडून पुन्हा बांधू लागली. हात वर करणाऱ्या एकाही पोरीनं तोंड उघडलं नाय. मी एकेकीच्या तोंडाकडं बघत होते. त्यांच्यासाठी मी किती वेळा पडले, किती वेळा लाथा खाल्ल्या. एक पण नाय.

भाऊसाहेब चिडले नाहीत. खुर्चीतूनच म्हणले, "बूट क्लबचेत. काढून ठेव."

मी काढले.

"मोजे पण."

मोजे पण काढले. घामानं पायाला चिकटले होते, ओढून काढावे लागले. सगळ्यांच्या समोर, एका पायावर तोल सांभाळत. ते मोजे ते काय करणार होते? कोणी पुन्हा घालणार नव्हतं. कोणी धुणार पण नव्हतं. तरी पाहिजे होते.

तेवढ्यात नाझनीननं हातमोजे, बूट, मोजे सगळं काढलं आणि माझ्या बुटांशेजारी टाकलं. म्हणली, "मैं बी जातूं. गोल मारने वाली गई तो मैं खाली बॉल पकडते बैठूं क्या इधर?" सरांनी तिला बस म्हणून सांगितलं. तिनं ऐकलं नाय. आम्ही दोघी अनवाणी गेटपर्यंत गेलो. उन्हाळ्याचे दिवस होते. डांबर तापलेलं. जालना रोडला शेअर रिक्षात बसलो तर शेजारची बाई आमचे पाय बघत होती, मग तोंड, मग पुन्हा पाय.

दुसऱ्या दिवशी बापाला कंपनीच्या गेटवरूनच परत पाठवलं. वॉचमन ओळखीचा, तोच म्हणला, तुमचं नाव आत नाय. बाप घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडला. निळा शर्ट त्यानं दिवसभर काढला नाय. "तुझ्यामुळं," एवढंच म्हणला. नंतर बऱ्याच दिवसांनी त्याला वाळूजला काम लागलं, लांब, दोन बस बदलून. तिथं त्याला ऑपरेटर नाय, हेल्पर म्हणून घेतलं. तू बरोबर केलंस, असं बाप मला आजपर्यंत म्हणलेला नाय. मी वाट पण बघत नाय.

मला दुसरीकडं खेळता येऊ नये म्हणून क्लबनं सोडायची लेखी परवानगी अडवून ठेवली. आख्खा सीझन गेला. स्ट्रायकरचा एक सीझन म्हणजे काय, हे खेळणाऱ्यालाच कळतं. शरीर तयार असतं आणि मॅच नसते. मी विहाराजवळच्या त्याच जागेत नाझनीनला उभी करून बॉल मारायचे. राज्याच्या निवडीत माझं नाव आलं नाय. कारण विचारायला गेले तर म्हणले, वागणुकीबद्दल तक्रार आहे. फुलंब्रीच्या एका पोरीनं मोबाईलवर पाठवलं, सॉरी ताई, आणि पुढं हात जोडल्याचं चित्र. मी ते पुसून टाकलं. वर केलेला हात वरच ठेवायचा होता, तिथं खाली घेतला आणि आता जोडून दाखवतेय.

त्या वर्षात मी लई शिकले. राग कसा सांभाळायचा ते शिकले. आधी राग आला की रडू यायचं. मग रडू यायचं बंद झालं आणि राग तसाच राहिला, कोरडा. तो मी अजून ठेवलाय. लोक म्हणतात राग सोड, खेळाडूनं मन मोठं ठेवावं. मोठं मन ठेवायचा सल्ला नेहमी आम्हालाच का मिळतो? भाऊसाहेबांना कोणी दिला?

परवानगी सुटली तशी मी दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या संघाच्या निवडीला गेले. तिथं मला कोणी ओळखत नव्हतं, आणि ते फार बरं होतं. तिथल्या कोच बाई पहिल्याच आठवड्यात म्हणल्या, तू बॉल येण्याआधी बघतेस. मी खोलीवर जाऊन दार लावून बसले. इतक्या वर्षांत कोणी मला पाहिलं होतं ते पहिल्यांदा.

तिसऱ्या वर्षी मी त्या संघाची कॅप्टन झाले. देशातली सगळ्यात मोठी लीग आम्ही जिंकली. फायनलला शेवटी शेवटी बॉल माझ्याकडं आला, समोर एकटी गोलकीपर. सगळं मैदान ओरडत होतं. मी थांबले. ती डावीकडं झुकली. मी उजवीकडं सोडला, हळूच, लेकराला खाली ठेवावं तसा. ट्रॉफी मी घेतली, पाहुण्यांशी मी बोलले, भाषण मी केलं, माझ्याच मराठवाड्याच्या हिंदीत. सगळ्यांना कळलं. कोणाचा क्लब बुडाला नाय.

गावी आले तर उस्मानपुऱ्याच्या चौकात बॅनर. आमच्या क्लबची कन्या, देशाची विजेती. वर भाऊसाहेबांचा मोठा फोटो, हात जोडलेला. खाली माझा, ट्रॉफी घेतलेला. संध्याकाळी ऋतुजा वस्तीत आली, गाडी घेऊन. आता ती क्लबची कोच आहे. घरात बसली, मायच्या पाया पडायला गेली, मायनं पाय मागं घेतले. ऋतुजा म्हणली, काका आता थकलेत, त्यांना तुझा सत्कार करायचाय, झालं गेलं सोडून दे. मी नको म्हणलं. तिला ते लागलं.

"मी तर तुला कधी काही बोलले नाही," ती म्हणली.

"तेच," मी म्हणलं. "तू कधी काही बोलली नाहीस."

तिनं गाडीची किल्ली उचलली. मग म्हणली, मी तुला पास द्यायचे. मी म्हणलं, व्हय, आणि मी गोल मारायचे, ते तिथंच फिटलं. ती गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि नाझनीन चौकात गेलो. शेजारच्या फ्रेमवाल्या दुकानातून शिडी मागितली, कटर मागितलं. ट्रॅफिक पोलीस बघत होता, रिक्षावाले बघत होते. मी वर चढले आणि बॅनरवरचा माझा फोटो कापून काढला. फक्त माझा. भाऊसाहेब तसेच राहिले, हात जोडून, खाली मोठं भोक. संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांच्या मोबाईलवर पोचलं. फोनवर फोन. वयस्कर माणसाचा अपमान केला म्हणले. उपकार विसरली म्हणले. एका पेपरवाल्यानं विचारलं, माफ करणार का. मी म्हणलं, नाय. तो म्हणला, असं छापू? मी म्हणलं, मोठ्या अक्षरात छाप.

मोठा संघ सोडला, आता मी संभाजीनगरातच राहते. विहाराजवळच्या जागेवर वस्तीतल्या पोरींचा संघ उभा केलाय. नाझनीन गोलकीपर आणि कोच, मी स्ट्रायकर आणि कॅप्टन. बूट ज्याचे त्याचे. यंदा आमचा संघ जिल्ह्याच्या लीगमध्ये उतरलाय आणि पहिलीच मॅच भाऊसाहेबांच्या क्लबशी पडलीय. मध्यस्थांकडून क्लबचा निरोप आला की तू स्वतः मैदानात उतरू नको, लहान पोरींना खेळव, तुझ्या लेव्हलला शोभत नाय. माझा गुडघा दुखतो. डॉक्टर म्हणतात, आता बस कर. बस करीन, पण या मॅचच्या आधी नाय.

भाऊसाहेब बघायला येणार आहेत म्हणे. यावं. खुर्ची टाकून बसावं. मी पहिला गोल करीन, आणि कोणाकडं न बघता सेंटरला जाऊन उभी राहीन. त्यांच्या पोरींनी बॉल आणावा, मध्ये ठेवावा, आणि पुन्हा सुरू करावं. मला अजून मारायचेत.